भेगेपाशी थांबलेली फुलं

४ फेब्रुवारी

छोटे,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणजे तू आधी घाबरशील. घाबरू नकोस. आपल्या घरातल्या भिंतींना कान नसतील, पण आईला आहेत. फोनवर मी हळू बोललो की तिला जास्तच ऐकू येतं.

आमच्या कारखान्यात शिडीचे बूट बनतात, तुला माहीत आहे. शिडी फरशीवर घसरू नये म्हणून तिच्या पायांत घालायचे, दुधी रंगाचे, रबरासारखे. गेल्या महिन्यात एक रंगारी शिडीवर असताना असा एक बूट मधोमध फुटला. माणूस दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. जगला, पण पाय दोन ठिकाणी मोडलाय. बुटाच्या तळाला तारीख, पाळी आणि मशीनचा नंबर उमटलेला असतो. मशीन माझं निघालं. पाळीही माझीच.

चौकशीला तिघं बसलेत. सुपरवायझर म्हणतो, नग वाढवायला मी साचा वेळेआधी उघडला. मी म्हणतो, मी ठरल्या सेकंदालाच उघडत होतो. मग उरतं काय? साच्यातून थंड पाणी फिरतं, ते बंद पडलं असणार. आणि पाण्याकडे बघतात आपले पंपकाका. म्हणजे दोघांपैकी एक जाणार, मी किंवा ते. २५ मार्चला सुनावणी आहे.

तू दिवसभर त्या दुर्बिणीला डोळा लावून बसतेस. (हो हो, सूक्ष्मदर्शक. ओरडू नकोस.) प्लास्टिक कसं थंड झालं ते नंतर बघून कळतं का? पाणी बंद असेल तर तुकड्यात नेमकं काय दिसायला हवं? सोपं करून लिही, मी पदवीधर नाही. तुकडा मागाहून पाठवतो. आधी हे कळव.

दादा

९ फेब्रुवारी

दादा,

पत्र वाचून घाबरलेच. पण शेवटचा परिच्छेद वाचताना, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. चार वर्षांत मी इथे काय करते ते घरातल्या कुणी विचारलं नव्हतं. आई शेजारणींना सांगते, "ती प्लास्टिककडे बघते." पगार त्याचाच मिळतो म्हटल्यावर त्या गप्प होतात.

तर ऐक. तुमचा बूट ज्याचा बनतो त्याला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. लांबलचक साखळी समज. तिचा एक पट्टा कडक, शिस्तीचा, घडी घालून रांगेत बसणारा. पुढचा पट्टा मऊ, कधीच रांगेत न बसणारा. मग पुन्हा कडक, पुन्हा मऊ. दोघांचं पटत नाही, पण साखळी एकच, त्यामुळे घर सोडून जाता येत नाही. (आपल्यासारखंच.) वितळलेला माल निवू लागला की कडक पट्टे एखाद्या बिंदूपाशी घड्या घालू लागतात आणि तिथून चहूबाजूंना पाकळ्या फुटत जातात. मऊ पट्टे पाकळ्यांच्या मधल्या फटींत राहतात. बूट वाकतो तो त्यांच्यामुळे, आणि आकार धरून राहतो तो पाकळ्यांमुळे. ह्या गोल फुलाला स्फेरुलाइट म्हणतात. केसापेक्षा पातळ काप काढून खास प्रकाशात बघितला की काळोखात फुलं उजळतात आणि प्रत्येकावर एक काळी फुली दिसते. वाढता वाढता दोन फुलं एकमेकांना भिडली की दोन्ही थांबतात, आणि मध्ये बांध घातल्यासारखी सरळ रेघ उरते.

आता तुझा प्रश्न. माल झटकन निवला की फुलं अगणित आणि बारीक, इतकी की एकेक वेगळं दिसत नाही. सावकाश निवला की थोडी आणि मोठी. साच्यात पाणी नीट फिरत असेल तर कडेला बारीक फुलांचा चांगला जाड पापुद्रा मिळतो. साचा वेळेआधी उघडला असेल तर पापुद्रा अगदी पातळ, आणि पोटात मोठी फुलं. पाणीच बंद असेल, साचा तापलेला राहिला असेल, तर थेट कडेपर्यंत मोठी फुलं, पापुद्रा जवळजवळ नाहीच.

तुकडा पाठव. जे असेल ते दिसेल. माल कुणाची बाजू घेत नाही, म्हणून तर मला हे काम आवडतं.

छोटी

२० फेब्रुवारी

शास्त्रज्ञबाई,

तुमचं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा थोडं कळलं, तिसऱ्यांदा सगळं कळलं. चौथ्यांदा नुसतंच वाचलं. फुलं आणि पाकळ्या! आम्ही बारा वर्षं बूट पाडतोय आणि आत बाग आहे हे कुणी सांगितलं नाही.

सोबत फुटका बूट आहे. रंगाऱ्याचा नाही, तो चौकशीवाल्यांनी कुलपात ठेवलाय. पण त्याच पाळीतला आहे. दुकानांतून परत आलेल्यांत हाही फुटलेला निघाला. उशीर झाला, कारण गोदामातून मिळवायला वेळ लागला.

तुझ्या प्रयोगशाळेच्या कागदावर दोन ओळी लिहून सहीसकट पाठवशील का? तोंडी सांगितलं तर कोण ऐकतंय.

घरी सगळं ठीक. आईने आठवड्यात दोनदा मला मीठ आणायला पिटाळलं. म्हणते, "आपण तिघंसुद्धा नाही घरात, मीठ खातंय कोण? भिंत?" वय झालंय, डब्यात काय होतं ते लक्षात राहत नाही तिच्या.

दादा

२६ फेब्रुवारी

दादा,

बघितलं! परवा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम बाहेर गेल्या होत्या तेव्हा यंत्रावर पाच काप काढले. (त्यांना विचारलेलं नाही. घरचं काम आहे म्हणायला जीभ रेटली नाही.) पाचही कापांत मोठमोठी फुलं, थेट कडेपर्यंत, प्रत्येकावर स्वच्छ काळी फुली. पापुद्रा नाहीच. अगदी मी तुला लिहिलं होतं तसंच, शब्दन् शब्द. मी खुर्चीवरून उठून दार बंद केलं आणि एकटीच हसले.

म्हणजे साचा गरम होता. तू वेळेआधी उघडला नाहीस. सही केलेला कागद सोबत आहे.

पंपकाकांचं मात्र वाईट वाटतं. पावसात आपल्या दोघांना सायकलवर शाळेत सोडायचे ते. तू पुढे दांडीवर, मी मागे. पण जे आहे ते आहे, नाही का? निदान त्यांच्याशी नीट बोल. पंप का बंद पडला, कुणी सांगून बंद केला का, तेही बाहेर यायला हवं.

छोटी

२ मार्च

छोटे,

कागद मिळाला. सही झोकात करतेस. बारा वर्षांत पहिल्यांदा कारखान्यात ताठ मानेने गेलो.

काकांशी बोलायचं मी बघतो, तू त्यात पडू नकोस. आणि तो तुकडा आता फेकून दे. कापही. तुझ्या मॅडमनी विचारलं तर नसती भानगड व्हायची. पुन्हा बघत बसू नकोस, काम झालंय.

दादा

५ मार्च

दादा,

तो कागद देऊ नकोस. दिला असशील तर परत माग. हे आधी वाच, मग बाकीचं.

"पुन्हा बघत बसू नकोस" असं तू लिहिलंस. तूच मला लहानपणी गणित सोडवल्यावर पुन्हा तपासायला बसवायचास, कान धरून. म्हणून मी पुन्हा बघितलं. मागच्या वेळी पाचही काप कडेचे काढले होते, कारण मला कडच बघायची होती. ह्या वेळी भेगेपाशी काप काढला.

विचार कर. माल आधी थंड होतो, फुलं आधी तयार होतात, बूट वापरला जातो आणि मग फुटतो. म्हणजे भेग फुलांना कापत जायला हवी, नाहीतर दोन फुलांमधल्या रेघेवरून. अर्धी फुलं ह्या बाजूला, त्यांचे जोडीदार त्या बाजूला. ह्या तुकड्यात तसं एकही अर्धं फूल नाही. फुलं भेगेपर्यंत आलीत आणि तिथे थांबलीत, भिंत लागल्यासारखी. काही तर भेगेच्या कडेवरूनच उगवलीत. आणि फुटीची कड धारदार नाही, चघळलेल्या गोळीसारखी गुळगुळीत आहे.

भेग आधीची आहे, फुलं नंतरची. हा बूट फुटल्यावर कुणीतरी वितळेपर्यंत तापवलाय आणि मुद्दाम सावकाश निवू दिलाय.

दादा, तुला कुणीतरी फसवतंय. गोदामात हा तुकडा तुझ्या हातात कुणी दिला? तो सुपरवायझरच असणार. आधी तुला खोटा पुरावा द्यायचा आणि सुनावणीत सर्वांसमोर तो खोटा आहे म्हणून दाखवायचं, असा डाव दिसतो. किंवा काकांवर कुणाचा राग असेल. नीट आठव, कोण कोण होतं तिथे?

छोटी

६ मार्च

दादा,

कालचं पत्र टाकून आले आणि बुटाच्या तळाच्या खाचा भिंगातून बघितल्या. पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत. सगळे चौकोनी. एका खाचेत एक कण अडकलेला होता, तोही चौकोनी. थेंबभर पाण्यात टाकला, विरघळला. पाणी सुकल्यावर पुन्हा चौकोन.

वितळताना आकार बिघडू नये म्हणून बूट कशात तरी पुरून तापवला असणार.

आईला मीठ का पुरत नव्हतं?

११ मार्च

हो. मिठात पुरला. जुन्या जाड पातेल्यात, झाकण लावून, मंद आचेवर. मग चूल बंद करून दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला. आई मावशीकडे गेली होती. पहिल्यांदा जळाला. दुसऱ्यांदा जमला. कृती तुझ्याच पत्रात होती, मास्तर तूच.

आणि कागद दिलाय मी. २ तारखेलाच. तुला पत्र लिहायच्या आधी.

बोल आता. काय करणार? तिघांसमोर उभी राहून सांगणार, हा माझा भाऊ खोटारडा आहे? सांग. आपल्या घरात कुणीतरी शिकायचं होतं, तेव्हा तुझं डोकं चालतं म्हणून दहावीनंतर मी मशीनवर गेलो. मला कुणी ढकललं नाही, मीच गेलो, उगाच रडगाणं गात नाही. पण इतक्या वर्षांत एकदा, एकदाच, तुझ्या त्या शिक्षणाकडे मी काहीतरी मागितलं. तर तू भेगा तपासत बसलीस.

कुणाच्या बाजूची झालीस तू? तुझ्या प्रयोगशाळेत आमच्या मालकांची पण कामं येतात, ऐकलंय मी. तू लिहिलं होतंस, साखळी एकच, घर सोडून जाता येत नाही. तू तर गेलीस.

१३ मार्च

दादा,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं.

तुमच्या मालकांचं काम आमच्याकडे आलेलं नाही. मॅडमकडून खात्री करून घेतली, कारण तू विचारलंस. आणि विचारायला गेले ते सगळंच सांगून बसले. न विचारता यंत्र वापरलं, नुसती कड बघून सही केली, भावासाठी केली. मला वाटलं, काढून टाकतील. त्या म्हणाल्या, "तुझी सही आहे ना? मग मागे घ्यायची तीही तूच. मी नाही घेणार." दोन महिने मला सूक्ष्मदर्शकाला एकटीने हात लावायचा नाही. ठीकच आहे.

मी चौकशीवाल्यांना पत्र पाठवलंय. माझा निष्कर्ष चुकीचा आहे, तुकडा फुटल्यानंतर तापवलेला आहे, तो पुरावा धरू नये. कुणी तापवला ते लिहिलेलं नाही. विचारलं तर सांगेन. हे तुला आत्ताच सांगते, म्हणजे मागाहून कळायला नको.

तू घर म्हणून मला टोमणा मारलास, पण पंपकाका कुठे राहतात रे? आपल्या भिंतीपलीकडे. माझ्या सहीवर त्यांना काढलं असतं, आणि आई रोज त्यांच्याच नळावरून पाणी भरत राहिली असती.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. तू साचा वेळेवर उघडत होतास, असं छातीवर हात ठेवून सांगतोस. मग खरा बूट का नाही पाठवलास? खऱ्या बुटाची तुला एवढी कसली भीती? तू काय लपवतोयस, दादा?

आपल्या शिडीला बूट आहेत. मी सुट्टीत आले होते तेव्हा तूच आणून घातलेस, "आमच्या मशीनचे" म्हणून मला तळाचा नंबर दाखवलास. तू पाठवलेल्या तुकड्याची तारीख बघितली, अपघातवाल्या पाळीच्याच आठवड्यातले ते. आई त्या शिडीवरून माळ्यावर चढते. त्यातला एक पाठव. मॅडम स्वतः शेजारी बसणार आहेत. तू खरं बोलत असशील तर पापुद्रा बोलेल.

छोटी

१६ मार्च

हा घे. आईला म्हणालो, धुवायला काढलाय.

२० मार्च

दादा,

पापुद्रा चांगला जाड आहे. सगळीकडे सारखा. मॅडमनी मोजला, मी मोजला, पुन्हा अदलाबदल करून मोजला. साचा वेळेवर उघडला होता आणि पाणी नीट फिरत होतं. तुझी चूक नाही. काकांचीही नाही. तू पहिल्याच दिवशी हा पाठवला असतास तर तुम्ही दोघंही सुटला असतात.

पण पोटात जे दिसलं ते असं. तिथे मध्यम आकाराची फुलं हवीत. त्याऐवजी हजारो चिमुकली फुलं, एकमेकांना चेंगरणारी, धड गोलसुद्धा न झालेली. कारण प्रत्येकाच्या मधोमध एक कण आहे. मातीचा, जळक्या मालाचा, एका ठिकाणी तर कागदाचा धागा. फुलाला उगवायला असा कण फार सोयीचा असतो. नव्या कोऱ्या मालात असे कण नसतात. पुन्हा पुन्हा दळून वितळवलेल्या, जमिनीवरून झाडून गोळा केलेल्या मालात असतात. अशा मालातल्या साखळ्याही तुटून आखूड झालेल्या असतात. एका फुलातून दुसऱ्यात जाऊन दोघांना धरून ठेवायला त्या पुरत नाहीत. अशा बुटावर माणसाचा भार आला की तो फुटतो.

मशीनच्या तोंडाशी माल ओततो तो मशीनवाला. हे मला कुणी शिकवलेलं नाही, तूच सांगितलंयस.

म्हणजे तुला माहीत होतं. तू वेळेबद्दल खरं बोललास, पाण्याबद्दल खोटं, आणि ज्यामुळे तो माणूस पडला त्याबद्दल काहीच नाही.

अहवाल मी अजून पाठवलेला नाही. मॅडम म्हणाल्या, २४ ला पाठवू. ती मुदत तुझ्यासाठी आहे. अहवालात गोणी कुणी ओतली ते लिहिता येत नाही, ते सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ते फक्त तू सांगू शकतोस.

दुसरा बूट शिडीला आहे का अजून? असेल तर आईला चढू देऊ नकोस.

छोटी

२७ मार्च

छोटे,

२३ तारखेला सकाळी जाऊन सांगून टाकलं, तुझा कागद यायच्या आधी. तुझ्या कागदामुळे सांगितलं असं कुणी म्हणू नये, एवढं तरी.

चार महिने चुऱ्याच्या गोण्या येत होत्या. सुपरवायझर म्हणायचा, "एक नवी, एक ही, कुणाला कळतंय?" मला कळत होतं. माल ओतताना धूळ उडायची, शिंका यायच्या. पहिल्या दिवशी मी विचारलं. दुसऱ्या दिवशी नाही विचारलं. मग हाताला सवय झाली. रंगारी पडला तेव्हा सुपरवायझरने मला बाजूला घेतलं, म्हणाला, "गोण्यांचं नाव काढलंस तर ओतणारा हात कुणाचा, ते आधी विचारतील." मग मला पाणी सुचलं. काकांचं नाव मीच तुला लिहिलं, पण ते नुसतं नाव होतं, डोक्यात फक्त पाणी, पाणी. खोटं वाटेल तुला, पण काकांचा चेहरा मला पहिल्यांदा दिसला तो तुझ्या पत्रातल्या सायकलवर.

त्या आठवड्याचे बूट मीच आपल्या शिडीला घातले, असं तू लिहिलंयस. बरोबर आहे. मी स्वतःशी म्हणायचो, आपल्या आईचं वजन ते किती.

बुटाचं मिठाचं पण सांगितलं. तिघांतल्या एका बाई होत्या, त्यांनी विचारलं, "ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली?" मी म्हणालो, बहिणीने, पण तिला माहीत नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मला मशीनवरून उतरवलंय. ठेवणार की काढणार ते महिनाभराने कळेल. सुपरवायझर येत नाही. चार महिन्यांतले सगळे बूट दुकानांतून परत मागवलेत. रोज पोती येतायत आणि ती मोजायला बसवलंय पंपकाकांना. काल ते दारात आले, आईकडे किल्ली ठेवली, माझ्याकडे बघितलं नाही. हे बरंच चालणार. मी तक्रार करत नाही.

रंगाऱ्याकडे जाऊन आलो. पाय प्लास्टरात, उशीवर ठेवलेला. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "चढायच्या आधी मी दाबून बघितला होता हो बूट. चांगला वाटला." एवढंच. त्याला दिसणार कसं? ते तुलासुद्धा काप काढल्याशिवाय दिसलं नाही.

सोबत दुसरा बूट आहे. तापवलेला नाही. तळावर मी बोटभर सही केली आहे, तुझ्यासारखी झोकदार नाही, पण माझी आहे. तुमच्याकडे ठेवा, पुढे कुणी विचारलं तर.

आपल्या शिडीला आता बूट नाहीत, फरशीवर सरकते. आईला माळ्यावरून काही हवं असलं की मला हाक मारते. ती चढते, मी दोन्ही हातांनी शिडी धरून खाली उभा राहतो. परवा वरून म्हणाली, "किती घट्ट धरतोस रे, हलूसुद्धा देत नाहीस." मी म्हणालो, "तू घे काय घ्यायचं ते. मी आहे."

दादा